काचेच्या कपाटातले बूट

११ जुलै २०११

आजपासून ही वही. 'रफिनाद', म्हणजे साखरेचे खडे, या आमच्या साखर कारखान्याच्या फुटबॉल क्लबच्या सामन्यांच्या नोंदीची एक कोरी वही घरात उरली होती, तीच वापरते. प्रत्येक पानावर डावीकडे 'यजमान' आणि उजवीकडे 'पाहुणे' असं छापलेलं आहे. त्याकडे लक्ष द्यायचं नाही.

सकाळी ओस्ताप आला. क्लबचा अध्यक्ष, एकेकाळचा आमचा गोलकीपर, माझ्या लेकीचा, सोलोमियाचा धर्मपिता. त्या नात्यानं मला 'कुमा' म्हणतो. म्हणाला, "कुमा, क्लबला ऐंशी वर्षं होतायत. चोवीस सप्टेंबरला सोहळा आहे. इतिहासाचं पुस्तक तूच लिही. तीस वर्षं चिटणीस होतीस, सगळे कागद तुझ्या हातचे."

इतकं गोड बोलला की मला तिथंच खटकलं. या गावात माझ्याशी कुणी गोड बोलत नाही. बहात्तर साली आपल्या लोकांनी परगावचा एक गडी खोट्या नावानं मैदानात उतरवला होता. मी यादी हातात घेऊन सरळ पंचाकडे गेले. सामना गेला. कारखान्यात महिनाभर कुणी माझ्याजवळ जेवायला बसलं नाही. साखर कारखाना बंद पडला, त्याचं लोखंड कापून नेलं, तरी लोकांची ती सवय गेलेली नाही. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं.

पण हो म्हणाले. कारण चौऱ्याहत्तरचा अध्याय. कारखान्यांच्या चषकाचा अंतिम सामना, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला माझ्या नवऱ्याचा, मकारचा गोल. मकारला जाऊन पाच वर्षं झाली. मैदानाच्या फाटकावर त्याच्या नावाची पाटी आहे. तो अध्याय माझ्या हातून नीट उतरला की मला दुसरं काही नको.

१५ जुलै

सांस्कृतिक भवनातल्या क्लबच्या खोलीत गेले. मकारचे बूट काचेच्या कपाटात आहेत. चौऱ्याहत्तरला सामन्यावरून आल्या आल्या प्रशिक्षकानं ते कपाटात ठेवून वर काच ठोकून टाकली होती. आज पुस्तकासाठी फोटो काढायचा म्हणून ओस्तापच्या माणसानं खिळे काढले. मी म्हटलं, आधी जरा पुसून घेते.

तळव्यावर छाप आहे: ४५.

मकारचा पाय बेचाळीस. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बत्तीस वर्षं त्याची पादत्राणं मीच आणली. शवपेटीत घातलेले काळे जोडेसुद्धा मीच आणले होते.

म्हणजे कुणीतरी बूट बदललेत. खऱ्यांवर हात मारलाय आणि भलतेच आणून ठेवलेत. खिळे जुने दिसत होते, पण जुने खिळे पुन्हा ठोकता येतात. खोलीच्या किल्ल्या दोघांकडे: ओस्ताप आणि मैदानाचा राखणदार यारेमा दोव्हान. मी काही बोलले नाही. पुसले, ठेवले, फोटो काढू दिला.

१९ जुलै

ओस्तापला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जुनं चामडं आहे कुमा," तो म्हणाला, "सैल होतं."

"आकडासुद्धा सैल होतो का? बेचाळीसचे पंचेचाळीस?"

"त्या काळी मिळेल ते घालायचे लोक. पुढं कापूस कोंबायचा की झालं."

"मकारनं कधी कापूस कोंबला नाही. बोटं आवळतात म्हणून कुरकुरायचा तो."

त्यानं घड्याळ बघितलं, त्याचा ट्रॅक्टर विकायचा धंदा आहे, गिऱ्हाईक आलंय म्हणाला आणि सटकला. खिडकीतून पाहिलं तर कुणीही आलेलं नव्हतं. मोटारीत बसून कुणाला तरी फोन करत होता. बोलताना दुसरा हात असा हलवत होता की जसं पलीकडच्याला गप्प राहायला सांगतोय.

२८ जुलै

आज एक काम केलं. सांगायला लाज वाटते, पण वही माझी आहे.

यारेमा मैदानावर पट्टे ओढत होता. पूर्वी कारखान्याचा चुना यायचा, आता बाजारातून आणून कालवतो. हा माणूस पूर्वी सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा, कारखान्याचा कधीच नव्हता. तरी मला आठवतंय तेव्हापासून तो या मैदानाच्या कडेला आहेच. डाव्या हातात डबा, तोंडात शब्द नाही.

"काय यारेमा, रेघ वाकडी जातेय," मी म्हटलं.

"मैदानच नदीकडं कललंय, ओरिना सावेलीव्ना. सरळ रेघ मारली तर तुम्हालाच वाकडी दिसंल." मला तो अजून असा वडिलांच्या नावासकट हाक मारतो.

तो डबा भरायला गेला तेव्हा ओल्या चुन्यात त्याचं पाऊल उठलेलं होतं. मी वहीचं पान फाडून पावलावर धरलं, टाचेपासून टोकापर्यंत खूण केली. घरी येऊन सोलोमियाच्या नवऱ्याचे गमबूट पडलेत त्यांच्याशी ताडून पाहिली. ते चव्वेचाळीस नंबरचे आहेत. पाऊल त्याहून नखभर मोठं.

पंचेचाळीस. मला आता शंका उरली नाही. बूट यारेमाचे. प्रश्न एवढाच की त्यानं मकारचे का नेले.

३ ऑगस्ट

सोलोमियाचा फोन. तिला सगळं सांगितलं.

"आई, बुटांवरून कुणाच्या मागं लागू नकोस गं."

"तुझ्या बापाचे बूट आहेत."

"बाबा असते तर हसले असते."

ते खरं. मकार सगळ्यावर हसायचा. म्हणूनच मला दोघांच्या वाटचं चिडायला लागायचं.

चौऱ्याहत्तरचा अध्याय लिहायला घेतला. अडचण अशी की मी सामन्याला नव्हते. खेळाडूंची यादी शनिवारी माझ्या हातानं लिहिली, सात नंबरला 'मकार ह्लुश्को' लिहिलं, आणि रविवारी पहाटे कळा सुरू झाल्या. मकार आधीच बसकडे गेला होता; शेजारणीनं गाडी बोलावून मला जिल्ह्याच्या प्रसूतिगृहात धाडलं. सामना दुसऱ्या दिशेला, तीन तासांवर. आमच्या गावातून एक बस भरून माणसं गेली होती, तेवढ्यांनीच तो गोल पाहिला. मी पाहिला नाही.

प्रसूतिगृहात पुरुषांना आत सोडत नसत. नवरे खाली अंगणात उभे राहून खिडक्यांकडे बघून ओरडायचे, दोरीला पिशवी बांधून खाऊ वर पाठवायचे. त्या दिवशीसुद्धा कुणाचातरी नवरा खाली शिट्ट्या मारत होता आणि आयाबाई फरशी पुसायचं फडकं घेऊन त्याला हाकलत होती. खोलीतल्या सगळ्या बायका खिडकीशी जाऊन हसत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझा येणारच नव्हता, तो गोल मारत होता. माझ्यासाठी वर आली ती जाळीच्या पिशवीतली तीन सफरचंदं, नाव नाही, चिठ्ठी नाही. सासूबाईंनी पाठवली असणार. आंबटढाण होती, पण वास असा की सगळी खोली भरून गेली. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, मी नाही पाठवली, आपल्या दारात सफरचंदाचं झाडच कुठाय? काहीतरी दिल्याचं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मकार सोमवारी आला, चषक घेऊन. खिडकीखाली उभा राहून चषक नाचवत होता. मी वरून ओरडले, "काल कुठं होतास?" तो हसला. पुढं बत्तीस वर्षं मी त्याला ते ऐकवलं. भांडण कशावरूनही होऊ दे, शेवट तिथंच: सगळ्यांचे नवरे खिडकीखाली आले, माझा आला नाही. आणि चारचौघांत मात्र त्याच गोलाबद्दल मीच सांगत सुटायची. दोन्ही खरं होतं.

१९ ऑगस्ट

सफरचंदांचा सण. चर्चमध्ये टोपली नेली, फादरनी पाणी शिंपडलं. येताना मकारच्या कबरीवर गेले. एक तण नाही. दगड पुसलेला. मी दोन आठवड्यांत गेले नव्हते, सोलोमिया तर तिकडे विन्नित्स्या शहरात असते.

दफनभूमीच्या राखणदारिणीला विचारलं. म्हणाली, "यारेमा येतो की. दर शनिवारी. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. ज्याच्या मनात काही नाही, तो माणूस परक्याची कबर दर शनिवारी कशाला साफ करील? मन खात असणार. आता माझा पक्का विश्वास बसला.

२७ ऑगस्ट

आज क्लबच्या समितीची बैठक झाली. मी बोलले.

बूट टेबलावर ठेवले. शेजारी चुन्यातल्या पावलाचा कागद ठेवला. म्हटलं, "हे माझ्या नवऱ्याचे बूट नाहीत. हे यारेमा दोव्हानचे आहेत. त्यालाच विचारा."

चौऱ्याहत्तरच्या संघातले दोघं म्हातारे टोप्यांकडे बघत बसले. ओस्तापचा चेहरा बीटच्या रसासारखा झाला. तो उठत म्हणाला, "कुमा, हे बघ, गोष्ट अशी आहे की…"

"खाली बस, गोलकीपर," यारेमा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला ओस्तापशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे वळला. "माझेच आहेत, ओरिना सावेलीव्ना."

"मकारचे कुठं आहेत?"

"छत गळत होतं त्या वर्षी कुजले. मी काच काढली, माझे ठेवले. रिकामं कपाट बरं दिसलं नसतं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

किल्ल्या काढून त्यानं टेबलावर ठेवल्या. मैदानाची आणि खोलीचीही. ओस्ताप डोकं धरून बसला होता. ठरावात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'राखणदार यारेमा दोव्हान यास विश्वासघाताबद्दल कामावरून दूर करण्यात येत आहे.'

मी जिंकले. घरी येऊन चहा केला, तो अर्धा तसाच राहिला. इतक्या लगेच कबूल होणारा चोर मी पाहिलेला नाही. काहीतरी अजून दडवतोय.

५ सप्टेंबर

मैदानावर गुडघाभर गवत. ओस्तापच्या माणसानं पट्टे ओढले ते सापासारखे. शनिवारच्या सामन्यात पाहुण्यांनी हसून घेतलं: "साखरेचे खडे, तुमचं मैदान विरघळलं की काय!"

ओस्ताप माझ्याशी बोलत नाही. दुकानात बायका बाजूला होतात. अगदी बहात्तरसारखं. तेव्हा मी बरोबर होते. आताही आहे. तरी मकारच्या कबरीवर काल तण होतं ते मी उपटलं आणि उपटताना बरं वाटलं नाही.

१२ सप्टेंबर

टपाल आलं. ज्या गावात अंतिम सामना झाला होता, तिथल्या शाळेच्या संग्रहालयाला मी जुलैत पत्र टाकून फोटो मागितले होते. त्यांच्या एका हौशी मास्तरांनी त्या दिवशी काढलेले चार फोटो आले. मागं शाईत तारीख: २२ सप्टेंबर १९७४.

तिसरा फोटो गोलचा. चेंडू जाळीत, गोलकीपर आडवा, आमचा सात नंबर अजून एका पायावर. चेंडू डाव्या पायानं मारलाय. मकारला डाव्या पायानं खडासुद्धा उडवता येत नसे. मी भिंग आणलं. कान बाहेर आलेले. डोक्यावर भरपूर केस, आता टक्कल आहे, म्हणून आधी ओळखू आला नाही.

यारेमा आहे.

चारही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. एकातही मकार नाही. मैदानात नाही, बाकावर नाही, बसच्या दारात नाही.

म्हणजे माझ्या हातच्या यादीवर, माझ्या नवऱ्याच्या नावानं, शेतीवरचा ट्रॅक्टरवाला खेळला. कारखान्यांच्या चषकात. बसभर माणसांना माहीत होतं आणि सदतीस वर्षं एकानंही तोंड उघडलं नाही. मला फसवलं, सगळ्यांनी मिळून.

हा राग तासभर टिकला. मग दुसरंच डोक्यात आलं आणि पहिला राग त्यापुढं काहीच नाही असं झालं. मकार खेळत नव्हता. माझ्या खिडकीखालीही नव्हता. मग माझी मुलगी जन्मत होती त्या दिवशी तो होता कुठं? आणि कुणाकडे? कँटीनमधल्या त्या हसऱ्या बाईचं नाव आठवलं, जिला तो नेहमी दोनदा हाक मारायचा. म्हणून हसत होता सोमवारी. बत्तीस वर्षं माझी बोलणी निमूट ऐकली ती म्हणूनच. अपराध्यासारखी.

आता मला तो अध्याय लिहायचा नाही. मला फक्त त्या बाईचं नाव पक्कं करायचं आहे.

१३ सप्टेंबर

यारेमाच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तो अंगणात झाडाखाली स्टुलावर बसून सफरचंदं पेटीत लावत होता. मी फोटो त्याच्या पुढ्यात टाकला.

त्यानं बराच वेळ पाहिला. "केस होते की मला," म्हणाला.

"खोटं का बोललास समितीत?"

"कुजल्याचं तेवढं खोटं बोललो. बूट माझेच होते, ते तर खरं सांगितलं."

"यारेमा, मी भांडायला आलेली नाही. एकच सांग. मकार त्या दिवशी कुठं होता? कोण होती ती?"

"कोण होती ती?" त्यानं मान वर केली. मग असा बघत राहिला की मला वाटलं याला कमी ऐकू येतंय. "अहो, तुम्ही होता की."

मी फोटो पुन्हा हातात घेतला.

"बस फाटकाशी उभी होती. तुमची शेजारीण धावत आली, म्हणाली ओरिनाला नेलं. मकारनं पिशवी खाली टाकली. प्रशिक्षक म्हणाला, सात नंबर गेला तर सामना गेला. मी फाटकाशी उभा होतो, सगळ्यांना निरोप द्यायला. मकारनं माझ्या अंगावर जर्सी फेकली; बूट मात्र त्याचे मला होईनात, सरावाचे माझेच घातले. म्हणाला, मरेपर्यंत मी तू आणि तू मी. पळ."

"आणि तो?"

"कारखान्यात साखरेचं बीट उतरवून एक ट्रक जिल्ह्याला परत चालला होता. पण मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून आधी इथं आला. माझ्या आईनं जाळीच्या पिशवीत सफरचंदं टाकली तीन, याच झाडाची. अजून कच्ची होती, आंबट. तिनं सांगितलंसुद्धा. म्हणाला, तिला आंबटच लागतंय सध्या."

मला सफरचंदांचा वास येत होता. अंगणभर तोच वास होता. आल्यापासून येत होता, मी लक्ष दिलं नव्हतं.

"दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी," यारेमा म्हणाला. "बसमध्ये शंभरदा सांगितलं त्यानं. शिट्ट्या मारल्या, तुम्ही आला नाहीत. दुसऱ्याच बायका येऊन हसल्या. आयाबाईनं फडक्यानं मारलं, इथं, मानेवर. संध्याकाळी पुलाशी आमच्या बसची वाट बघत उभा होता. मुलगी झाली, मुलगी झाली म्हणून ओस्तापला इतका घट्ट धरला की त्याची फासळी दुखायला लागली. मग सगळे मिळून चषक घेऊन गावात शिरलो."

"चिठ्ठी तरी टाकायची पिशवीत. नाव तरी."

"तुम्हाला?" यारेमा पहिल्यांदा हसला. "बहात्तर साल काय लांब होतं का? मकार म्हणाला, तिला कळलं मी इथं आहे, तर बाळंतिणीच्या खाटेवरून उठून पंचाला तार करील."

केली असती. मी खरंच केली असती.

"आणि नंतर? बत्तीस वर्षांत कधी?"

"आम्ही म्हटलं त्याला, ओस्ताप आणि मी. तो म्हणाला, राहू द्या. गोलाचं सांगताना तिचा चेहरा बघितलाय का तुम्ही? तो गोल कसा काढून घेऊ तिच्याकडून? त्यापेक्षा बोलणी खाल्लेली परवडली."

मी त्या झाडाखाली बसले आणि रडले. त्याच्यासमोर. यारेमा पेटी लावत राहिला, मग आत जाऊन पाणी घेऊन आला.

१४ सप्टेंबर

यारेमाच्या दाराशी जाऊन किल्ल्या परत दिल्या. माफी मागितली. तो म्हणाला, "पट्ट्यांचं काय केलंय हो त्या माणसानं," आणि डबा घेऊन निघाला.

१८ सप्टेंबर

ओस्ताप आला. यारेमानं त्याला सांगितलं असावं.

"कुमा, हात जोडतो. आहे तसं छाप. चषक परत मागायला आता ती संघटनाही उरलेली नाही. पण मकारचं नाव, फाटक, लोक काय म्हणतील?"

"मी खोटी यादी कधी लिहिली नाही."

"लिहिलीस की एक."

"म्हणूनच दुरुस्त करतेय."

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "आणि फाटकावरची पाटी?"

"राहू दे. त्या दिवशी त्या फाटकातून उलट्या दिशेला गेला तो एकटाच होता."

पान एकशे बारा असं छापायला दिलं: 'अठ्ठ्याऐंशीवे मिनिट, गोल, डाव्या पायाने: यारेमा दोव्हान. तो नियमाप्रमाणे पात्र नव्हता. यादी चिटणीस ओरिना ह्लुश्को हिची. मकार ह्लुश्को या सामन्यात खेळला नाही. तो प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरील डावीकडून तिसऱ्या खिडकीखाली हजर होता.'

ओस्तापनं वाचलं. "फुटबॉलच्या इतिहासात असं कुणी लिहितं का?"

"चिटणीस मी आहे," मी म्हटलं.

२४ सप्टेंबर

सोहळा झाला. सोलोमिया आली होती. पान एकशे बारा तिनं उभ्यानंच वाचलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. काच काढून बूट यारेमाला दिले. लोकांनी घालायला लावले. "आता आवळतात," तो म्हणाला, "पाय सुजतात माझे." पण घालून मैदानभर चालून आला, नदीकडे कललेल्या त्याच मैदानावर, पट्ट्यांवर पाय न देता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोघा म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

दुपारी मी एकटी कबरीवर गेले. तण नव्हतं. जाळीच्या पिशवीतून यारेमाच्या झाडाची तीन सफरचंदं नेली होती. दोन दगडावर ठेवली, एक तिथंच बसून खाल्लं. या वर्षी पिकलीत, तरी आंबटच. सगळं खाल्लं, बियांपर्यंत.

मग म्हटलं, "मकार, मी खिडकीशी आले रे."